पाऊस देवळाच्या मागेच पडतो का?

चित्र-क्विल्टचा टॉप शिवून झाला की घरातले म्हणतात, ‘झालं की आता!’ खरं तर तेव्हा वरचं चित्र, मधली बॅटिंग आणि खालचं अस्तर या तीन सुट्या वस्तू असतात. त्यांना एकत्र धरणारी टीप कुठून न्यायची, किती दाट घालायची आणि दोरा कोणत्या रंगाचा घ्यायचा हे सगळं अजून ठरायचं असतं. चौकटी-चांदण्यांच्या नक्षीवर एखादी रेघ इकडची तिकडे झाली तर खपून जाते. चित्रावर मात्र प्रत्येक रेघ काहीतरी सांगते, आपल्याला ते सांगायचं असो वा नसो.

माझ्या टेबलावर सध्या वाईचा गणपती घाट आहे. पाच फूट रुंद, चार फूट उंच. वर आषाढातलं राखाडी आभाळ, मागे डोंगराची रांग, मधोमध ढोल्या गणपतीचं देऊळ, खाली पायऱ्या, त्याखाली कृष्णेचं गढूळ पाणी. शेवटच्या पायऱ्यांपाशी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई आहे. तिचा चेहरा एका बाजूनं दिसतो, अंगठ्याएवढा.

माझ्या थोरल्या नणंदबाई बोस्टनजवळ राहतात. दुसऱ्यांनी जोडलेले टॉप लाँगआर्म मशीनवर क्विल्ट करून देणं हा त्यांचा व्यवसाय. मी घरच्या शिलाई मशीनवर काम करते. त्या पुण्याला आल्या असताना या टॉपवरून आमचं बरंच वाजलं. तेच इथे मांडते, कारण टीप कशी घालायची हा प्रश्न चित्र-क्विल्ट करणाऱ्या प्रत्येकीपुढे येतो आणि त्याचं उत्तर आमच्यापैकी एकटीजवळ नव्हतं.

ताई : काय काय ठरवलंयस यावर?

मी : आभाळात वाऱ्याचे भोवरे. डोंगराला उताराच्या रेघा. शिखरावर उभ्या पन्हळी आहेत, तिथे त्यांच्याच कडेनं. पायऱ्यांवर दगडाचे टवके, पाण्यात लाटा, साडीवर चुण्या. आणि ज्याला त्याला त्याच्या रंगाचा दोरा.

ताई : म्हणजे सहा नक्ष्या.

मी : चेहरा धरून सात.

ताई : आणि त्या चार फुटांत एकमेकींवर ओरडणार. अगं, नवीन शिकणारीला मी एक तुकडा करायला लावते. एका कोपऱ्यात खडे, दुसऱ्यात पिसं, तिसऱ्यात भोवरे. हात बसावा म्हणून. तुला घाट करायचाय की तसला सरावाचा तुकडा?

मी : पण ताई, चित्रातल्या वस्तूच वेगळ्या आहेत. दगडाला दगडाची रेघ हवी, पाण्याला पाण्याची. मशीनच्या शिलाईला मान मिळाला तोच मुळी अशा विचारानं केलेल्या कामामुळे. कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टला 1989 मध्ये केंटकीतल्या पदुका इथल्या प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट क्विल्टचं बक्षीस मिळालं. मशीननं क्विल्ट केलेल्या कामाला तिथे तो मान पहिल्यांदाच मिळत होता. तोवर हाताची टीप ती खरी आणि मशीनची टीप म्हणजे आळस, असंच समजत होते ना?

ताई : समजत होते. पण त्या क्विल्टचा विषय काय? एक सूर्य. सगळं कापड त्या एका गोष्टीभोवती फिरतं. बक्षीस मशीनला मिळालं, ते गर्दीच्या बाजूनं पुरावा म्हणून नको वापरूस. मला सांग, तुझ्या चित्रात पाऊस आहे ना?

मी : आहे.

ताई : कुठे शिवलायस?

मी : शिवलेला नाही. आभाळाचा रंग, ओल्या पायऱ्यांचं काळसर कापड, बाईचा पदर, यांवरून तो कळतो.

ताई : मग क्विल्टिंगलाच पाऊस होऊ दे. वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत किंचित तिरक्या, सरळ रेघा. अर्ध्या अर्ध्या इंचावर. एकच फिका राखाडी दोरा. डोंगरावरून, देवळावरून, पायऱ्यांवरून, पाण्यावरून, सगळ्यांवरून.

मी : बाईवरूनही?

ताई : पाऊस देवळाच्या मागेच पडतो का?

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी आभाळाला आभाळाची नक्षी दिली होती, म्हणजे पाऊस आभाळात कोंडून ठेवला होता. खरा पाऊस पाहणाऱ्याच्या आणि देवळाच्या मध्ये पडतो. ताईंची कल्पना सोपी होती आणि चित्राच्या आतून आलेली होती. तरी ती मला पूर्ण पटेना.

मी : पटतंय, पण देवळाचं काय? 1762 साली रास्त्यांनी बांधलेलं देऊळ आहे. मागची भिंत माशाच्या आकाराची केलीय, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. ती वळण घेणारी कड मी किती वेळा कापून बसवलीय! शिखराच्या पन्हळींसाठी एकाच करड्या रंगाच्या सहा छटा शोधल्या. त्यावरून अर्ध्या इंचाच्या तिरक्या रेघा गेल्या तर पन्हळही मोडेल आणि वळणही. पायऱ्या आडव्या, तुमच्या रेघा तिरक्या. प्रत्येक पायरीची कड दर अर्ध्या इंचाला तुटणार.

ताई : थोडी तुटली तर तुटू दे. पावसात कडा दिसतात कुठे नीट?

मी : कांथ्यात बघा. बंगालच्या नक्षी कांथ्यात मासा, हत्ती, पालखी, काहीही असो, भोवतीचा मोकळा भाग कोरा सोडत नाहीत. त्या आकाराच्या कडेकडेनं धावदोरा घालतात, मग त्याच्या बाहेरून दुसरा, मग तिसरा. कापडावर बारीक लहरी उठतात आणि आकार वर येतो. तिथे टीप चित्राला विचारून चालते.

ताई : आणि आपली गोधडी? पातळ चौकड्यांचं असो की फुलांचं, धावदोरा काठापासून निघतो आणि फेर घेत आत येतो. खालच्या नक्षीला तो काही विचारत नाही. म्हणून चार जुनी लुगडी आणि दोन धोतरं मिळून एक वस्तू होते. तुझा टॉप म्हणजे तरी काय, शंभर तुकडेच. त्यांना एक करणारी रेघ नको?

मी : गोधडीत मोडायला चित्र नसतं, ताई.

ताई : आणि कांथ्याचं कापड मुळात पांढरं असतं. तिथे रंगाचं काम टाक्यालाच करायचंय. तुझ्याकडे रंगीत कापड आधीच सगळं सांगून बसलंय. त्यावर दोऱ्यानं तेच परत कशाला सांगायचं?

हा मुद्दा मी लिहून ठेवला. चित्र-क्विल्टची नक्षी निवडताना मी आजवर ‘ही वस्तू कशी दिसते?’ एवढंच विचारत होते. त्याआधी विचारायला हवं, ‘कापडानं इथे काय सांगायचं राहिलंय?’ माझ्या पायऱ्यांचं कापड हातानं रंगवलेलं आहे, त्यात डाग, छटा, ओल सगळं आहे. त्यावर दगडाचे टवके शिवणं म्हणजे दगडाला दगड म्हणणं. आभाळाचं कापड मात्र जवळजवळ सपाट राखाडी. तिथे दोऱ्याला खूप काम आहे. पाण्याचं कापड मधलं, त्याला रंग आहे पण हालचाल नाही.

मग बोलणं मशीनवर आलं, आणि मला वाटतं खरा मतभेद तिथेच होता.

मी : एक विचारू? रागावू नका. तुमच्या मशीनला सगळीकडून एकच नक्षी सोयीची पडते, म्हणून तर तुम्हाला ती आवडत नाही ना?

ताई : विचार की. लाँगआर्मवर कापड रुळांवर ताणलेलं असतं आणि मशीनचं डोकं फिरतं. एका वेळी मला एक आडवा पट्टा दिसतो, बाकी सगळं रुळावर गुंडाळलेलं. वरून सुरुवात करायची, पट्टा संपला की पुढे सरकवायचं. पॅंटोग्राफ असेल तर मागून उभं राहून कागदावरच्या रेघेवरून लेझरचा ठिपका फिरवायचा, टॉपकडे बघायचंसुद्धा नाही. हिशोब चौरस इंचावर. एकच नक्षी स्वस्त, प्रत्येक भागाची वेगळी नक्षी महाग. हो, या सगळ्याचा माझ्या आवडीवर परिणाम झालाय. आता तुझं सांग.

मी : माझं उलट. सुई जागच्या जागी असते, मी दाते खाली टाकून कापड हातांनी फिरवते. सगळा गठ्ठा मशीनच्या काखेत कोंबलेला. पाच फुटांची सरळ रेघ ओढायची म्हणजे खांदे भरून येतात. वीतभर जागेत भोवरे, खडे, लाटा घालणं सोपं जातं.

ताई : म्हणजे तू चित्र वीतभर तुकड्यांत बघतेस.

मी : आणि तुम्ही पट्ट्यांत.

दोघींनी मिळून टॉप टेबलावरून उचलला आणि भिंतीला टाचून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. नक्षी ठरवताना हे करायलाच हवं. मशीनपाशी बसून ठरवलेली नक्षी मशीनची असते. चित्र जिथून पाहिलं जाणार तिथून ठरवली तरच ती चित्राची होते.

मग जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं. त्याच्या चारी कडांना रंगीत चिकटपट्टी लावली, म्हणजे मार्कर बाहेर घसरून कापडावर जात नाही. ते टॉपवर टांगून ताईंनी पाऊस काढला, वरपासून खालपर्यंत, पुसता येणाऱ्या शाईनं. आभाळावर तो सुरेखच दिसला. डोंगरावरही, कारण डोंगर त्यामुळे मागे सरकला. देवळावर मात्र शिखर चपटं झालं, आणि ते ताईंनी माझ्या आधी बोलून दाखवलं. पायऱ्यांवर नुसता गलका. मग तो पाऊस पुसून माझे भोवरे काढले. आभाळात इतकी धांदल झाली की देवळाकडे लक्षच जाईना. ही गोष्ट मीही मान्य केली.

ताई : दोऱ्याचं काय करणार? तू म्हणालीस ज्याला त्याला त्याच्या रंगाचा. ते बरोबर आहे, पण जाडी?

मी : चाळीस नंबर आणला होता, रेघ उठून दिसावी म्हणून.

ताई : आभाळाला पन्नास बास. देवळावर शंभर नंबरचं रेशीम. आकडा वाढला की दोरा बारीक. शंभरचं रेशीम कापडात जवळजवळ बुडून जातं, दोरा दिसत नाही, त्यानं पडलेली खाच दिसते. आणि छटा बदलणारा दोरा या चित्रावर अजिबात नको. रंग दोऱ्यात कुठे बदलणार हे तुझ्या हातात नसतं. देवळाच्या भिंतीवर मध्येच पांढरा डाग येईल.

मी : बॉबिनला?

ताई : वरच्यासारखाच रंग. ताण जरा चुकला तर खालचा दोरा ठिपक्याठिपक्यानं वर डोकावतो, रंग एक असेल तर तो कोणाला दिसत नाही. मागची बाजू रंगीबेरंगी होईल, होऊ दे.

मी : मला वेगळीच काळजी आहे. आभाळ अर्ध्या इंचावर आणि देवळावर थोड्याच टिपा, तर फुगवटा येईल.

ताई : येणारच. टिपा दाट असतात तिथे कापड आखडतं, विरळ असतात तिथे फुगतं. तुझं देऊळ पोट पुढे काढून बसेल आणि कडा लाटांसारख्या होतील. थोडा उठाव तुला हवाच आहे, देऊळ पुढे यायला हवं. पण घनता एकदम बदलू नकोस. कापसाच्या काही बॅटिंगवर दोन टिपांत दहा इंच अंतर चालेल असं लिहिलेलं असतं. तो आकडा बॅटिंग धुण्यात गोळा होऊ नये म्हणून असतो. त्यावरून चित्राची घनता ठरवायची नाही.

मी : आधी सगळ्या मोठ्या आकारांच्या जोडांतून टीप घालून घेते. देवळाची कड, प्रत्येक पायरीची कड, पाण्याची रेषा. मधून सुरू करून बाहेर. म्हणजे चित्र जागेवर पक्कं बसेल, मग पाऊस.

ताई : हे बरोबर. नाहीतर तिरक्या रेघा सगळं चित्र एका बाजूला ओढतात. तिरपी टीप कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याच्या मधून जाते आणि तिथे कापड सर्वांत जास्त ताणतं. वॉकिंग फूट लाव, आणि अशी टीप एका बाजूनंच भरत जाऊ नकोस.

इथवर आमचं जमलं. उरलं ते पावसानं देवळापाशी काय करायचं. मी म्हणत होते, थांबावं. ताई म्हणत होत्या, थांबला तर तो पडदा झाला. शेवटी असं ठरलं की आभाळातली दर चौथी रेघ देवळावरून खाली येईल, रेशमानं, म्हणजे देवळावर पाऊस दोन इंचांवर आणि जेमतेम दिसणारा. शिखराच्या पन्हळींना त्यांच्याच कडेनं टीप. म्हणजे देवळावरची एकूण शिलाई आभाळाच्या जवळ जाते आणि फुगवटा आटोक्यात राहतो. पायऱ्यांना जोडांतली टीप आणि तोच विरळ पाऊस, टवके रद्द. पाण्यात आडव्या, सैल, एकमेकींना न भेटणाऱ्या रेघा, आणि पावसाची रेघ जिथे पाण्याला टेकते तिथे एक लहान वर्तुळ. देवळाच्या मागच्या भिंतीपाशी मी पायऱ्यांवर चढलेलं थोडं पाणी दाखवलंय. तिथल्या रेघा दुभंगून दोन्ही अंगांना जातील. हे ताईंनाच सुचलं, भिंतीची गोष्ट ऐकल्यावर.

बाईवर मात्र एकमत झालं नाही.

ताई : तीही पावसातच उभी आहे.

मी : तिचा चेहरा अंगठ्याएवढा आहे. इंचाला दहा-बारा टाके पडतात. गालावरून एक रेघ गेली तरी पाच फुटांवरून ती जखम वाटेल. शंभर नंबरच्या रेशमानंसुद्धा.

ताई : चेहऱ्यावरून नको नेऊस. पदरावरून ने, खांद्यावरून ने.

मी : मग पदरावर पाऊस आणि चेहऱ्यावर नाही, असं होईल. ते जास्त खुपेल. मी रेघ तिच्या कडेपर्यंत आणते आणि तिच्या पायाखालून पुढे नेते.

ताई : म्हणजे सगळ्या घाटावर एकटी तीच कोरडी.

मी : हो. बघणारा तिच्याकडे बघेल.

ताई : बघेल, आणि विचारेल ही का कोरडी. काय सांगशील?

माझं मत मी बदललेलं नाही. चित्रात माणूस असेल तर नक्षी त्याच्यापाशी येऊन थांबावी असं मला वाटतं. देऊळ, डोंगर, पाणी यांच्यावर दोऱ्याचा अंमल चालतो, माणसाच्या चेहऱ्यावर चालू नये. ताईंना हे भावनेचं वाटतं. त्यांच्या मते एकदा पाऊस हा नियम ठरवला की अपवाद करायचा नाही, केला तर तो कारागिरीतला कच्चेपणा दिसतो. त्यांच्या बाजूला तर्क आहे, हे मला कळतं. तरी मी बाईला कोरडीच ठेवणार आहे.

ताई : निदान हे लिहून ठेव. क्विल्टच्या मागे लावतेस त्या चिठ्ठीवर.

मी : नाव-गाव-साल तर लिहितेच.

ताई : तेवढं नाही. 2021 मध्ये बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये हॅरिएट पॉवर्सची दोन्ही क्विल्ट पहिल्यांदाच एकत्र ठेवली होती, ती मी पाहिली. जॉर्जियात 1837 साली गुलामीत जन्मलेली बाई. एक बायबलचं, स्मिथसोनियनमध्ये असतं. दुसरं बोस्टनचंच, पंधरा चौकटींचं. त्यात एका चौकटीत आभाळातून तारे कोसळतायत. तो 13 नोव्हेंबर 1833 चा उल्कापात आहे, म्हणजे तिच्या जन्माच्याही आधीचा. ऐकलेली गोष्ट तिनं शिवली. हे आपल्याला कशावरून कळतं?

मी : कोणीतरी लिहिलं म्हणून.

ताई : पहिलं क्विल्ट तिनं गरजेपोटी पाच डॉलरला विकलं. विकत घेणाऱ्या जेनी स्मिथनं प्रत्येक चौकटीचा अर्थ तिच्या तोंडून ऐकून उतरवून ठेवला. दुसऱ्याबरोबरही तिचं सांगणं टिकून राहिलं. नाहीतर आज आपण अंदाज करत बसलो असतो. आणि माझ्यासारख्या हजारो बायका दुसऱ्यांचे टॉप क्विल्ट करतात, त्यातल्या कितीजणींचं नाव मागे असतं?

ताईंच्या या शेवटच्या बोलण्याशी माझा काहीच वाद नाही, आणि या लेखातून मला एवढंच मागायचं आहे. चित्र-क्विल्ट करणाऱ्या मैत्रिणींनो, मागच्या चिठ्ठीवर टॉप कोणी जोडला आणि शिलाई कोणी केली ही दोन्ही नावं लिहा. कोणती रेघ कुठे आणि का घातली, तेही दोन ओळींत लिहा. प्रदर्शन भरवणाऱ्यांनी ती दोन्ही नावं फलकावर छापावीत. माझ्या घाटाच्या मागे ‘पावसाची कल्पना’ म्हणून ताईंचं नाव असेल, आणि बाई कोरडी ठेवण्याचा निर्णय माझा, असंही लिहिलेलं असेल.